गिळगंड, भोंगा आणि मी

...नाही, पण मी म्हणते, पेल्यात पाणी ओतून कुणी तान्ह्या लेकराचं रडणं मोजतं का हो? तुमच्याकडे मोजतात? नाही ना? आमच्याकडे मोजतात! बसा, बसा तुम्ही. त्या दोराच्या वेटोळ्यावर नको, डांबर लागेल, आणि एकदा लागलं की कपडा फाटेल पण डांबर सुटणार नाही, भोगलंय मी. इकडे बाकावर या. आत्ताच होडीतून उतरलात ना? चेहराच सांगतोय. भरतीला अजून वेळ आहे, भरतीची घंटा झाली की मला उठावं लागतं, का उठावं लागतं ते सांगते, पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कोण बाई पोर मांडीवर घेऊन धक्क्यावर बसलीय... हो, माझीच ही. टोपी सांभाळा हं, खाते ती. अकरा महिन्यांची झाली. बघा कशी खिदळतेय! हिला सगळं गाव भोंगा म्हणतं. एवढ्याशा जिवाला भोंगा! कारण जन्मल्यापासून ही फक्त रडत होती. आता हसते. आता, जेव्हा हसायचं नाही तेव्हा! पण तिला समजावणार कोण, आणि मला विचारतंय कोण!

तुम्हाला गिळगंड माहीत असेलच. नाही? अगं बाई! मग त्या पाण्याकडच्या टोकावरून आधी इकडे सरका. अजून जरा. हां.

तुम्हाला सांगते, तीन होड्या एकापुढे एक बांधल्या की जेवढी लांबी होईल तेवढा एकटा गिळगंड. पाठीवर शेवाळं, शिंपले, लांबून वाटतं खडकच आहे. एका नव्या खलाशाने तर त्यालाच होडी बांधली होती, दोन गाठी मारून! तोंड पोटाशी. ओठ सोळा. मोजलेत मी, घरबसल्या, मागच्या खिडकीतून. दात म्हणाल तर एक नाही, पण त्याचं त्याला काही अडत नाही, कारण तो चावतच नाही, ओढून घेतो. भरतीबरोबर येतो, पायऱ्यांवर हनुवटी टेकतो, अशी, दुकानाच्या फळीवर गिऱ्हाईक टेकतं ना तशी, आणि मग सुर्रर्र! कुत्रं, वल्हं, वाळत घातलेल्या चादरी, जकातवाल्याची खुर्ची, खुर्चीत जकातवाला असला तर जकातवालासुद्धा. खुर्ची दुसऱ्या दिवशी परत आणून टाकतो. जकातवाला नाही टाकत. कान नाहीत त्याला. दोन मिशा आहेत, जहाजाच्या दोरासारख्या, त्या पाण्यावर पसरायच्या आणि त्यांनी ऐकायचं. येतो पण दिवसाउजेडीच, अंधाराची म्हणे त्याला भीती वाटते. त्याला! भीती! आणि आम्ही काय करायचं मग?

तर किनारा कचेरीने वीस वर्षांपूर्वी शोध लावला, की हा आवाजाला येतो. झालं! भरतीच्या वेळी अख्ख्या गावाने गप्प. लोहाराने हातोडा खाली ठेवायचा, कोंबड्यांच्या चोचींना दोरा बांधायचा, भांडण असेल तर भरतीआधी उरकायचं नाहीतर ओहोटीपर्यंत मनात ठेवायचं. आणि भरती आली हे कळावं म्हणून घंटा. पण घंटा वाजली तर आवाज होणार, म्हणून घंटेला आतून कापूस! शिपाई घंटा हलवताना दिसला की समजायचं घंटा झाली. ज्याला दिसला नाही त्याने काय करायचं? तसं पत्रकात दिलेलं नाही.

आता गंमत ऐका. शांत राहून राहून गिळगंड थांबला का? छे! वाचनालयात आला. गावातली सगळ्यांत शांत जागा, तिथून वाचक गेले, मासिकांचं कपाट गेलं, आणि 'शांतता राखा' लिहिलेली पाटी गेली. मग जकातवाल्याची शोकसभा झाली, इथेच, धक्क्यावर. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले सगळे. पहिलं मिनिट नीट गेलं. दुसऱ्या मिनिटाला तेव्हाचे किनारासाहेब गेले, हारासकट! पहिल्या रांगेतून वाचला कोण? एकटा कचेरीतला शिपाई. का? तर तो जकातवाल्याचा मेहुणा, त्याला हुंदका आवरेना, ओक्साबोक्शी रडत होता बिचारा. मिशा त्याच्यापर्यंत आल्या आणि विस्तवाला केस लागावा तशा आक्रसल्या, मी इथून तिथे उभी होते, डोळ्यांनी पाहिलं! आणि नव्या साहेबांनी काय केलं? शिपायाला कागद दिला, की तुमच्या रडण्यामुळे माजी साहेब गेले, खुलासा करा. मी म्हटलं, अहो, रडणारा राहिला आणि गप्प होते ते गेले, हे कुणाला दिसत नाही का? पण मला विचारतंय कोण!

तेव्हा ही पोटात होती. मग झाली. आणि झाल्या क्षणापासून जी सुरू झाली... तुम्ही मुलांची रडणी ऐकली असतील, किरकिर, कुरकुर, भूक लागली, ओलं झालं. हिचं तसं नाही. आधी तोंड उघडायची, आवाज नाही, श्वास आत, आत, आत, चेहरा लाल, मग जांभळा, आणि मी आपली मनात मोजतेय एक, दोन, तीन, श्वास सोड गं बाई, चार, पाच... आणि मग असा सूर, की फळीवरचे डबे सरकायचे! आणि मी मुळात भित्री. ही रडली की वाटायचं, काहीतरी दुखतंय. थांबली की वाटायचं, श्वास चालू आहे ना? मग नाकाखाली बोट धरायचं. बोट धरलं की जागी व्हायची. जागी झाली की रडायची. कानात काही गेलं असेल का, पोटात गुबारा असेल का, परवा बटण दिसत नव्हतं ते गिळलं असेल का... बटण माझ्याच झग्याला होतं, दोन दिवसांनी दिसलं, पण ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

सासूबाई दाराशी बसून म्हणायच्या, "आमच्या घरात असं कुणी रडत नव्हतं हो. आईवर गेलीय." आणि आमचे हे! ह्यांचं काम गोदीत. होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवतात. कापसाची वात करायची, छिन्नीने ठोकून ठोकून फटीत बसवायची, वरून गरम डांबर, की पाण्याचा थेंब आत यायचा नाही. दिवसभर ठकठक, म्हणून ह्यांच्या कानात कापूस. तो कापूस घरी आल्यावर काढायचा असतो ना? नाही काढत! मी म्हणायचे, "अहो, मला काही सुचत नाही, हिला जरा घ्या." तर हे, "हो, भात चालेल." मी काय म्हणतेय, हे काय म्हणतायत! सात महिने, तुम्हाला सांगते, सात महिने मी एका माणसाशी बोलत होते आणि तो मला जेवणाविषयी उत्तरं देत होता.

पण एक गोष्ट मी बघून ठेवली होती. आमचं घर खाडीच्या टोकाला, मागच्या खिडकीखाली पाणी. या सात महिन्यांत सुतारांच्या गल्लीतून दोन माणसं गेली, शाळेचं फाटक गेलं, आणि आमच्या गल्लीतून? एक कोंबडी गेली नाही! दोनदा तर मी स्वतः मिशा वर येताना पाहिल्या, ही रडली, मिशा गुंडाळल्या आणि खडक आला तसा परत गेला. शेजारच्या जाळीवाल्या काकूंना सांगितलं. काकू जाळं विणता विणता म्हणाल्या, "असेल गं, पण असं मोठ्याने बोलू नये." हळूच सांगितलं तरी ऐकू येत नाही, मोठ्याने सांगायचं नाही. मला विचारतंय कोण!

मग एके दिवशी भरतीच्या तोंडावर तोच शिपाई आला, पेला घेऊन. काचेचा, त्यावर रेघा. पेला टेबलावर ठेवला, रेघेपर्यंत पाणी ओतलं, वही उघडली आणि कुजबुजला, "वहिनी, बाळाचं नेहमीप्रमाणे चालू द्या." नेहमीप्रमाणे चालूच होतं! पाण्यावर आधी तरंग, मग लाटा, मग पाणी वहीवर, आणि शेवटी पेला टेबलावरून चालत चालत खाली गेला. शिपायाने वहीत लिहिलं, 'मापाबाहेर'. आणि चौथ्या दिवशी नोटीस.

नोटिशीत होतं, की सदर बालक मापाबाहेर रडत असल्याने त्यास आठ दिवसांच्या आत टेकडीवरच्या शांतिनिवासात जमा करावं, वय वर्षं तीन पूर्ण होईपर्यंत. जमा! पोर आहे का छत्री आहे? आणि आईला महिन्यातून एकदा काचेतून बघता येईल. काचेतून! म्हणजे मी नाकाखाली बोट कसं धरायचं? श्वास चालू आहे की नाही हे मला कोण सांगणार? त्या रात्री मी झोपले नाही, म्हणजे तशी सात महिने झोपले नव्हतेच, पण त्या रात्री ती रडत असताना मला पहिल्यांदा वाटलं, रड बाई, रड, आठच दिवस ऐकायला मिळणार आहे.

सकाळी नोटीस घेऊन गेले कचेरीत. नवे साहेब. आवाज असा, उशीतून बोलल्यासारखा. म्हणाले, "बाई, हे बाळाच्याच हिताचं आहे." मी म्हटलं, "साहेब, ती रडते म्हणून तर तो येत नाही!" साहेब म्हणाले, "हे तुमचं निरीक्षण आहे का?" मी म्हटलं, "हो, मागच्या खिडकीतून." "मागच्या खिडकीतून निरीक्षण करायची परवानगी घेतली होती का?" घ्या! मी म्हटलं, "बरं, पुढच्या खिडकीतून केलं असं लिहा." तर म्हणाले, "पुढच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, बाई, खोटी माहिती देऊ नका." मग एक पुस्तिका काढली, 'गिळगंड : सवयी व उपाय', आणि मला पान सात दाखवलं, तिथे छापलंय, आवाजाला येतो. "छापलंय," म्हणाले. "छापलेल्याच्या पुढे मी काय करणार?" लिहिणारे कोण म्हणून विचारलं, तर ते शोकसभेत गेलेले माजी साहेब. म्हणजे ज्याला त्याने खाल्लं त्याचंच त्याच्याविषयी ऐकायचं, आणि जिच्या दाराशी येऊन तो परत जातो तिला विचारतंय कोण!

घरी आले आणि ह्यांच्या समोर नोटीस धरली. वाचता येतं ना ह्यांना, ऐकू येत नसलं तरी. वाचली. बसले. आणि तुम्हाला सांगते, डोळे भरले हो माणसाचे. मग उठले आणि म्हणाले, "आवाज बाहेर गेला नाही तर झालं ना? मी बुजवतो." मी म्हटलं, काय बुजवता? तर, "घर!"

आणि बुजवलं! सातव्या दिवशी, ओहोटीला, कापसाचे तीन गठ्ठे आणि डांबराचं पिंप घेऊन आले. भिंतीच्या फळ्या, खिडकीच्या चौकटी, कौलांखालच्या फटी. धुराड्याला तेवढी जाळी, श्वासापुरती, त्यात गोणपाट. मी आत पोरीला घेऊन, सासूबाई आत गादी उन्हाला घालावी की नाही या विचारात, बाहेर ठकठक ठकठक. काम सुरेख, त्यात वाद नाही. पण होडी कुठून बुजवतात? बाहेरून! माणूस पंधरा वर्षं बाहेरून बुजवत आलाय, त्याच्या हाताला तीच सवय, त्याने खिडकी बाहेरून बुजवली, दुसरी खिडकी बाहेरून बुजवली, आणि दार... दारसुद्धा बाहेरून बुजवलं! वर डांबराचे दोन हात दिले. आम्ही आत! मी दार बडवतेय, "अहो! अहो, आम्ही आत आहोत!" सासूबाई बडवतायत, "अरे गाढवा!" आणि ह्यांच्या कानात कापूस. शीळ घालत गेले हो कामावर, शीळ घालत!

आत काळोख. डांबराचा वास, डोळ्यांतून पाणी. पोरगी सुरू. बाहेर काही म्हणजे काही जात नाही, सगळा आवाज आमच्याच अंगावर परत येतोय. सासूबाई एका कोपऱ्यातून ओरडल्या, "एवढा कापूस आणला, त्यातला दोन कानांपुरता माझ्यासाठी ठेवता आला नाही त्याला!" आणि मला एकच कळत होतं, की आत्ता भरती चढतेय, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा आमची गल्ली गप्प आहे.

आधी जमिनीच्या फळ्या हलल्या. मग घर असं... कुणीतरी टेकल्यासारखं झालं. मागच्या भिंतीला. सासूबाई म्हणाल्या, "कोण आहे?" कोण आहे! मग खिडकी फुगली. आत नाही, बाहेर! उन्हाने डांबर मऊ झालेलं, आणि सोळाच्या सोळा ओठ खिडकीला लावून तो ओढतोय, ओढतोय, आणि ह्यांचं काम एवढं पक्कं की सुटत नाही... आणि मग बाटलीचं बूच उडावं तसं, फट्! अख्खी खिडकी, चौकटीसकट, पडद्यासकट गेली. उजेड आला. आणि उजेडात तो घसा, ओला, गुलाबी, आमच्या खोलीपेक्षा मोठा. सासूबाईंची गादी माझ्या डोळ्यांदेखत उडत गेली. पाठोपाठ पाळणा. रिकामा होता हो, रिकामा, ही माझ्या हातात होती. मी एका हाताने तिला, एका हाताने खांब धरलेला, सासूबाईंनी मला धरलेलं.

आणि ही... गप्प!

जन्मल्यापासून पहिल्यांदा गप्प! डोळे मोठे करून त्या घशाकडे बघतेय. मी सात महिने जिला म्हणत होते, उगी गं, उगी, गप्प गं माझी राणी, तिला मी त्या दिवशी, देवाशप्पथ, ओरडले, "रड गं बाई! रड! तुला काय झालंय, रड!" सासूबाईपण, "रड गं सोने, तुझ्या आईसारखी रड!" आणि तिने तोंड उघडलं. आवाज नाही. श्वास आत, आत, लाल, जांभळी... मी मोजतेय, एक, दोन, माझे पाय जमिनीवरून सुटलेले, तीन, चार, पाच...

काय सांगू तुम्हाला! तो सूर निघाला आणि मिशा अशा वळल्या, अशा कुरळ्या झाल्या, की त्यांना चिकटलेले शिंपले गळून पडले. गिळगंड उलटा फिरला. तीन होड्यांएवढं जनावर, मांजरावर पाणी टाकल्यासारखं पळालं! आणि आमची खिडकी ओठाला चिकटलेली, पडदा फडफडतोय. ती अजून त्याच्याकडेच आहे. ह्यांचं डांबर, ते कसलं सुटतंय! आता लांबून तो येताना आधी आमची खिडकी दिसते.

हे सगळं इथे धक्क्यावरून अख्ख्या गावाने पाहिलं, भरती असल्यामुळे तोंड बंद ठेवून. साहेबांनीही. आमचे हे संध्याकाळी आले. भिंतीला एवढं भगदाड, आम्ही दोघी भुतासारख्या बसलेल्या. म्हणाले, "खिडकी कुठाय?" मग दाराकडे वळले, हात फिरवला आणि म्हणाले, "पण दार बघ कसं बसलंय! एक थेंब यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः घरी. मला वाटलं चूक कबूल करतील. म्हणाले, "आमच्या वीस वर्षांच्या शांतता मोहिमेमुळेच बाळाचा आवाज इतका स्पष्ट ऐकू गेला." घ्या! मग त्यांनी हुशारी केली. ढोल वाजवून पाहिला. गिळगंड ढोल घेऊन गेला, वाजवणाऱ्यासकट. घंटेचा कापूस काढला, तर ऐकायला आणखी जवळ आला. म्हणजे रडणंच पाहिजे. मोठी माणसं तर वीस वर्षं कुजबुजून बसलेली, आवाज चढेना. टेकडीवरून शांतिनिवासातली बत्तीस मुलं परत आणली. एकही रडेना हो. हाताची घडी घालून बसतात, पडली तरी रडत नाहीत, आधी इकडे तिकडे बघतात. त्यांच्या आया रडतात त्यांच्याकडे बघून, पण आवाज न करता. मला बघवत नाही, मी तिकडे बघतच नाही.

राहिली कोण? आमची भोंगा. लागलीच नेमणूक! 'किनारा रक्षक, भरतीपुरता'. अर्जावर अर्जदाराची सही पाहिजे म्हणून पाय शाईत बुडवून उमटवला. तो पाय तिने साहेबांच्या सदऱ्यावरपण उमटवला. आणि खाली बारीक अक्षरात, की सदर कर्मचारी कामाच्या वेळी न रडल्यास पद रद्द, आणि पद रद्द झाल्यास मूळ नोटीस चालू. म्हणजे रडते म्हणून टेकडीवर पाठवणार होते, आता रडली नाही तर टेकडीवर पाठवणार! काय करावं आईने?

पहिला दिवस. हिला टोपी घातली, इथेच आणून बसवलं. सगळं गाव जमलं. भरती चढली, लांब आमची खिडकी दिसली. मी म्हटलं, हं, बाळा. आणि ही हसली! मोकळी हवा, एवढी माणसं, साहेबांची चमकती बटणं, हसली, टाळ्या वाजवायला लागली. अहो, तिला घरातला डांबराचा वासच सोसत नव्हता, ह्यांच्या कपड्यांचा, एवढंच होतं ते! सात महिने मी कानात बघत होते आणि बटणं शोधत होते! खिडकी जवळ येतेय, पोरगी हसतेय. कुणी म्हणालं, चिमटा काढा. साहेब म्हणाले, "खबरदार! कामावरच्या कर्मचाऱ्यावर हात उचलणं गुन्हा आहे." मिशा पायऱ्यांवर चढल्या. मी साहेबांच्या हातात नोटीस पाहिली, घडी उघडत होते ते. टेकडी दिसली मला, काच दिसली...

आणि मी रडले. अशी रडले, अशी रडले, की माझं मलाच कळेना हा आवाज कुठून येतोय. सात महिन्यांची झोप, ह्यांचा भात, सासूबाईंचं आईवर गेलीय, पान सात, सगळं निघालं. आधी श्वास आत, आत, आत... सासूबाई मागून म्हणाल्याच, "बघा! मी म्हणत नव्हते?" गिळगंड गेला. खिडकीसकट.

मग काय, पद हिचं, टोपी हिची, रडायचं मी. कागदावर मी आहे 'सोबतची व्यक्ती'. चार दिवस आपोआप रडू आलं. पाचव्या दिवशी येईना! माणूस रोज ठरल्या वेळी कसं रडणार? साहेबांनी सासूबाईंना बोलावून शेजारी बसवलं, "सुरू करा." पण त्यांना समोरून सांगितल्यावर एक टोमणा सुचेना! म्हणाल्या, "पोरगी तशी गुणाची आहे हो." त्या दिवशी! नेमकं त्या दिवशी! खिडकी पायऱ्यांपाशी आलेली, लोक मागे सरकलेले, आणि मी कोरडी ठणठणीत.

तेव्हा हे गर्दीतून पुढे आले. माझ्यासमोर उकिडवे बसले, कानातला कापूस काढला, एक, मग दुसरा, आणि म्हणाले, "अगं, तू कशी आहेस?"

एवढंच.

बाळंतीण झाल्यापासून बाळ कसंय म्हणून सगळ्यांनी विचारलं, दूध कसंय म्हणून विचारलं, हे कुणी विचारलंच नव्हतं. बांध फुटला. तीन भरत्या गिळगंड फिरकला नाही. शिपायाने मोजायला आणलेल्या पेल्याची तर काचच तडकली.

पण साहेब तिथेच उभे ना! त्यांनी लगेच वही काढली, 'वापरावयाचे वाक्य' म्हणून लिहून घेतलं, आणि आता...

हां, झाली घंटा. ती बघा लांब, पडदा दिसतोय? निळ्या फुलांचा, मीच शिवलेला. आले शिपाईभाऊ चिठ्ठी घेऊन. वाचा भाऊ, लाजू नका, रोजचंच आहे. "तू... कशी... आहेस... प्रश्नचिन्ह. खाली साहेबांची सही." ऐकलंत? इतके दिवस म्हणत होते ना, मला विचारतंय कोण? आता विचारतात. रोज विचारतात, शिक्क्यानिशी विचारतात.

धरा हो जरा हिला, टोपी सांभाळून. आणि ते आमचे हे येतायत टोपली घेऊन, त्यातून दोन बोळे उचला. तुम्हालाही लागतील. कारण विचारून झालं की माझं उत्तर सुरू व्हायच्या आत अख्खं गाव कानात कापूस घालतं, आणि तो वाटतं कोण? आमचे हेच!